चाळीसचा आयपीस

नाशिकमध्ये मेन रोडच्या मागच्या गल्लीत माझं चष्म्याचं दुकान आहे. गेली पस्तीस वर्षं मी येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, "दिसतंय का?" आणि जवळजवळ प्रत्येक जण एकच उत्तर देतो, "हो, दिसतंय." त्यातले बरेचसे खोटं बोलत असतात. कुणी तक्त्यावरची शेवटची ओळ आधीच्या गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकून पाठ केलेली असते. कुणाला घाई असते. आणि काही जण नुसतेच भिडस्त असतात. हा माणूस मघापासून भिंगं बदलतोय, आता त्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून हो म्हणतात. या भिडस्तांचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. माझा स्वभावच जरा तापट आहे. बायको म्हणते, दुकान चाललं ते चष्म्यांमुळे, मालकामुळे नव्हे.

पण मला वर्षानुवर्षं "छान दिसतं" म्हणून फसवणारी भिडस्त बाई माझी सख्खी मोठी बहीण निघाली, आणि ते कळलं तेव्हा उशीर झाला होता. ताईची नजर कडेकडून विझत चालली आहे. जी शिल्लक आहे तीही जायच्या आत तिला कृत्तिकांचा पुंजका एकदा नीट दाखवायचा, हे गेली दोन वर्षं माझ्या डोक्यात घोळत होतं. त्यासाठी लागणारी दुर्बीण घरात होती. घोडं अडलं ते आयपीसपाशी.

दुर्बीण मी छप्पन्नाव्या वर्षी घेतली. आठ इंची आरशाची, गिझरच्या टाकीएवढी जाड आणि उभी केली की माझ्या छातीला लागणारी. सोसायटीच्या जिन्यातून वर नेताना वॉचमनने विचारलं, "साहेब, सोलर बसवताय का?" घरात आल्यावर बायकोने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि ही आता कुठे ठेवायची एवढंच विचारलं.

दुर्बीण म्हटली की लोक पहिल्यांदा विचारतात, कितीपट मोठं दिसतं? हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. आरशाचं काम उजेड गोळा करायचं. चित्र किती मोठं करायचं ते ठरवतो आयपीस, म्हणजे जिथे डोळा लावायचा ती बोटभर लांबीची, काढता-घालता येणारी नळी. तिच्यावर मिलिमीटरमध्ये एक आकडा असतो. आकडा लहान असेल तर चित्र मोठं आणि आकडा मोठा असेल तर चित्र लहान. हे उलटं आहे, पण आहे ते असं आहे. नवशिके दहा-बाराच्या खालचा आकडा घेतात, चंद्राचे खड्डे बघतात आणि बाकी आकाशात अंधारात चाचपडत बसतात.

मी भिंगातला माणूस. मी शहाणपणा केला आणि उलट्या टोकाला गेलो. कमीत कमी मोठं करणारा, चाळीसचा आयपीस घेतला. कमी मोठं केलं की आकाशाचा मोठा तुकडा एका नजरेत मावतो आणि चित्र उजळ दिसतं, हे मला ठाऊक होतं.

पहिल्यांदा तो लावला तो पेठ रस्त्याला, घाट ओलांडून गेल्यावरच्या एका माळावर. आमचा सात-आठ जणांचा गट आहे; अमावास्येच्या जवळच्या शनिवारी आम्ही तिकडे जातो. संध्याकाळचा तांबूस उजेड डोंगरामागे गेला, भाताच्या खाचरांतून बेडूक सुरू झाले, आणि मी दुर्बीण देवयानीच्या दीर्घिकेकडे वळवली. आधी नुसता धुरकट डाग दिसला. डोळा स्थिरावला तसा तो डाग लांबत गेला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि मधोमध शेकोटीतल्या निखाऱ्यासारखा उजळत गेला. तो उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला. तो निघाला तेव्हा बघायला माणूसच नव्हता, आणि पोचला तो मेन रोडच्या एका चष्मेवाल्याच्या डोळ्यात. किती वेळ वाकून उभा होतो कोण जाणे, पाठ धरली तेव्हा भानावर आलो.

आमच्या गटात एक निवृत्त प्राध्यापक आहेत, पदार्थविज्ञानाचे. आम्ही त्यांना सर म्हणतो. सरांनी माझ्या आयपीसला डोळा लावला आणि लगेच काढला.

"चष्मेवाले, हे काय, पाइपातून बघितल्यासारखं वाटतंय. आणि तुमच्या डोळ्याची बाहुली किती उघडते हो अंधारात?"

दिवसभर मी लोकांच्या नाकावर पट्टी धरून दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजतो. ते जमलं नाही तर चष्मा बसत नाही. पण अंधारात स्वतःची बाहुली किती मोठी होते हे मी कधी बघितलंच नव्हतं.

"दुनियेच्या बाहुल्या मोजता आणि स्वतःची नाही?" सर हसले, आणि बाकीचेही हसले.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत दिवे घालवून बसलो आणि मोजली. पाच मिलिमीटर, तेही मन मोठं करून. विशीत ती सात उघडत असणार. वयाबरोबर बाहुलीही आखडते. गुडघे आखडतात तशीच. मग दुर्बीण गॅलरीत नेली, सूर्याकडे पाठ करून मोकळ्या आकाशाकडे लावली आणि आयपीसच्या मागे कागद धरला. कागदावर उजेडाचं एक गोल बिंब पडलं, अगदी रेखीव. कागद थोडा पुढे-मागे केला तर ते धूसर होई, आणि नेमक्या जागी आणला की पुन्हा काठ धरी. मी बायकोचं टिकल्यांचं पाकीट आणलं आणि त्यातली बरोबर त्याच मापाची टिकली शोधली. ती जवळजवळ सात मिलिमीटरची निघाली.

माझी चूक तिथेच कळली. सातची टिकली पाचच्या भोकातून आत जात नाही. कडेचा उजेड बाहुलीच्या बाहेर सांडतो. आरशाने जमवलेल्या उजेडातला जवळजवळ निम्मा मी वाया घालवत होतो. पण चूक कळूनही मी कागद धरून तसाच उभा राहिलो. आठ इंची आरशावर येऊन पडणारं सगळं आकाश, ती देवयानी, ते सगळे तारे, त्या एवढ्याशा टिकलीतून बाहेर पडतात. माणसाला आकाश मिळतं ते एवढ्याच दारातून, आणि तेवढ्यातही ते पुरून उरतं. बायको म्हणाली, टिकली घेतलीत ती परत द्या. मी दिली नाही, माझ्या पैशांच्या पाकिटात ठेवली.

मग सरांच्या सल्ल्याने चोवीसचा, रुंद चित्राचा आयपीस आणला. त्याची गंमत अशी की आकाशाचा तुकडा चाळीसच्या आयपीसइतकाच दिसतो, तसूभरही कमी-जास्त नाही. पण चाळीसचा तो तुकडा एका वाटीत घालून समोर ठेवतो, आणि चोवीसचा तोच तुकडा पसरून चादरीएवढा करतो. पार्श्वभूमी काळीभोर होते, तारे टाचणीच्या टोकासारखे होतात, आणि डोळा फिरवला तरी कड सापडत नाही. पहिल्यांदा त्यातून बघितलं तेव्हा मी हात पुढे करून दुर्बिणीचं नळकांडं धरलं, तोल जाईल असं वाटलं म्हणून. चाळीसचा मी जुन्या मोज्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी टाकला.

आता ताईबद्दल.

आम्ही सिन्नरकडच्या एका खेड्यातले. ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. दिवाळीच्या सुमाराला बाजरीचं खळं असे, आणि तिन्हीसांजेनंतर वडील जेवून येईपर्यंत खळं राखायला आम्ही दोघं बसायचो. उगवतीला कृत्तिका वर येत. आमच्या घरात त्यांना कृत्तिका कुणी म्हणत नसे, नुसतं झुपका म्हणत. मी दुसरीत होतो. ताईने मला विचारलं, "झुपक्यात किती हायेत, मोज बरं." मी म्हटलं, कुठले किती, एक ढगाचा तुकडा आहे. ती म्हणाली, "नीट बघ, सात हायेत." मी नीट बघितलं. ढगाचा तुकडाच होता.

दुसरं कुणी असतं तर वेड्यात काढलं असतं. ताईने दुसऱ्या दिवशी मला विहिरीच्या या अंगाला उभं केलं, स्वतः पलीकडे गेली आणि बोटं वर केली. दिसतात का, असं तिने विचारलंच नाही. किती, एवढंच विचारलं. मी सगळी उत्तरं चुकवली. संध्याकाळी ती वडिलांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, याला दिसत नाही, याला नाशकाला न्या. वडील टाळाटाळ करायला लागले तर जेवायला बसेना. शेवटी एसटीने मला नाशकात आणलं आणि चष्मा लागला. बाभळीला काटे असतात हे मला त्या दिवशी टोचायच्या आधी दिसलं. आणि खळ्यावर बसून मान वर केली तर ढगाचा तुकडा फुटून त्यातून तारे बाहेर आले होते. मी सहा मोजले. सातवा मला कधीच दिसला नाही. ताईला दिसायचा, आणि त्याचा तिला भारी तोरा होता.

मी चष्म्याच्या धंद्यात का पडलो असं कुणी विचारलं तर मी काहीतरी उडवून लावतो. खरं कारण ते खळं आहे.

ताई लग्न होऊन देवळ्याकडे गेली. तिथे गावाबाहेर त्यांचा मळा आहे, कांदे साठवायची चाळ आहे, आणि चाळीला लागून घर. मी दुकान टाकलं त्या वर्षापासून आमचा एक रिवाज पडला. दसऱ्याच्या आसपास ताई नाशकात येई, मी तिचा नंबर काढी, आणि भाऊबीजेला तिने ओवाळलं की ओवाळणी म्हणून ताटात नवा चष्मा ठेवी. साडी नाही, पाकीट नाही, चष्माच. ती लगेच डोळ्यांवर चढवी, इकडेतिकडे बघे, आणि म्हणे, "छान दिसतं." गावातल्या बायांना ती सांगत फिरे की माझा भाऊ दरसाल नवी नजर देतो. मला ते ऐकून मनातल्या मनात गुदगुल्या होत. कधीकधी वाटे, फेड झाली.

तीन वर्षांपूर्वीची भाऊबीज. मी पाटावर बसलो होतो. ताईने कुंकू लावलं, अगदी मधोमध, केसभरही इकडेतिकडे नाही. मग अक्षतांसाठी हात नेला तो ताटाच्या बाहेर, जमिनीवर. तिथे नुसतंच चाचपलं. मग मान वळवून बघितलं, तेव्हा अक्षता सापडल्या. निरांजन फिरवताना कोपर लागून बाजूचा पाण्याचा तांब्या लवंडला आणि ती म्हणाली, "अगंबाई, हा इथं कुणी ठेवला?" तांब्या तिनेच ठेवला होता.

मी पाटावरूनच हात लांब केला, तिच्या कानाच्या रेषेत, आणि विचारलं, "ताई, माझ्या नाकाकडे बघ. बोटं किती?"

ती म्हणाली, "कसली बोटं?"

मी हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी तिला नाशकात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून मागची नस हळूहळू सुकत जाते, कडेची नजर आधी जाते, दुखत-खुपत काही नाही. गेलेली नजर परत येत नाही; थेंब घालून उरलेली धरून ठेवायची, जमेल तितके दिवस. तपासणीचा कागद माझ्या हातात दिला. प्रत्येक डोळ्याचा एक गोल, आणि तो गोल कडेने काळा. उजव्या डोळ्याच्या मधोमध पांढरी जागा होती. डाव्यात तीही नावापुरती. डॉक्टर तरुण होते, त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी साधेपणाने विचारलं, "यांचे चष्मे कोण देतं?"

मी म्हटलं, "मी."

नंबर काढणं हे माझं काम, नस तपासणं डॉक्टरांचं, असं मी स्वतःला बऱ्याचदा सांगून बघितलं आहे. त्याने काही होत नाही. चाळिशीनंतर वर्षातून एकदा डोळ्याचा दाब तपासून घ्या, हे मला माहीत होतं. गिऱ्हाइकांना मी ते सांगतही असे. ताईला सांगितलं नाही, कारण ताई गिऱ्हाईक नव्हती. मी तिला समोरचा तक्ता दाखवत राहिलो आणि ती तो वाचत राहिली. तक्ता मधोमध असतो.

परतीच्या एसटीत मी तिच्यावर ओरडलो. "कडेचं दिसत नाही हे सांगायचं नाही का?" दोन बाकडी वळून बघायला लागली.

ती म्हणाली, "वाटलं वय झालं. आणि तू एवढ्या हौसेनं आणायचा रे चष्मा. त्याला नावं ठिवू का मी?"

त्यानंतर मी तिच्यावर ओरडलो नाही. निदान या दिवाळीपर्यंत तरी.

पुढच्या भाऊबीजेला ती सहज बोलून गेली की आता चांदण्या दिसत नाहीत. आभाळ म्हणजे नुसती पाटी झाली आहे. झुपका तर कुठे शोधायचा तेही कळत नाही. ती हे तक्रार म्हणून नाही, बातमी म्हणून सांगत होती. त्या वर्षी मी हातात धरायची दुर्बीण नेली होती. तिच्या हातात दिली, झुपक्याची दिशा दाखवली. तिचे हात थरथरत होते. थोडा वेळ बघून ती म्हणाली, "छान दिसतं." मी तिच्या मागून बघितलं, तर दुर्बीण लिंबाच्या झाडाकडे होती.

तेव्हाच ठरवलं, पुढच्या खेपेला मोठी दुर्बीण न्यायची. ती जमिनीवर पक्की बसते, हात लावावा लागत नाही. आणि तिच्यावर माझा सगळ्यांत उत्तम, चोवीसचा आयपीस लावायचा. पण ती पुढची खेप हुकली. त्या वर्षी दिवाळीत ढग होते, आभाळ उघडलंच नाही. दरम्यान ताईची तपासणी झाली. उजव्या डोळ्यातली पांढरी जागा आणखी थोडी आत सरकली होती. डॉक्टर म्हणाले, थेंब बदलून बघू.

म्हणजे या दिवाळीला मी किती अधीर होतो हे सांगायला नको. बायको मुलीकडे गेली होती, म्हणून गाडीत मी आणि मागच्या सीटवर आडवी दुर्बीण. पिंपळगाव बसवंतला चहाला थांबलो तेव्हाही आभाळाकडे बघत होतो. एकही ढग नव्हता.

मळ्यात ओवाळणं झालं. नवा चष्मा ताटात ठेवला, ताईने चढवला आणि म्हणाली, "छान दिसतं." मी दात-ओठ खाल्ले. बीजेची कोर कांद्याच्या रोपांवरून खाली उतरून मावळली. गावाकडून फटाके वाजत होते, पण धूर इकडे येत नव्हता. दाजींनी अंगणातला दिवा घालवला. दाजी म्हणजे ताईचे यजमान. माणूस मोजकं बोलणारा आणि बोलला तर अहिराणीत. साडेआठच्या सुमाराला झुपका शेताच्या बांधावर दोन वीत वर आला. मी दुर्बीण त्याच्याकडे लावली. तो असा खाली असताना आयपीस बरोबर खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यापाशी येतो. प्लास्टिकची खुर्ची आणली, ताईला बसवलं. अंधारात तिला भरवसा वाटेना, म्हणून तिने माझं मनगट घट्ट धरलं.

चोवीसच्या आयपीसला डोळा अगदी जवळ न्यावा लागतो. चष्मा मध्ये येतो, म्हणून मी तिचा चष्मा काढून घेतला. आधी मी स्वतः बघून घेतलं. निळसर पांढरे, धगधगीत तारे, आणि त्यांच्या मागे बारीक ताऱ्यांची रांगोळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतकं सुंदर की मला माझ्याच दुर्बिणीचा अभिमान वाटला. मग ताईने डोळा लावला. आणि पस्तीस वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून गेलं, "दिसतंय का?"

"छान दिसतं."

मी विचारलं, "किती?"

"सात," ती म्हणाली.

मागून दाजी पुढे आले, वाकले आणि बघून म्हणाले, "हाई काय शे? पीठ सांडेल शे का?"

त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा दुर्बिणीत डोळा घातला होता आणि त्याला पीठ सांडलेलं दिसलं. ताईला सात दिसले. सात हे तिचं पाठ असलेलं उत्तर होतं, पन्नास वर्षांपूर्वीचं. माझा तोल गेला.

"ताई, खोटं बोलू नको! किती दिसतात ते सांग. एक दिसत असेल तर एक सांग, काहीच दिसत नसेल तर नाही म्हण. पण आता मला 'छान' म्हणू नको."

दाजी चाळीकडे तोंड करून उभे राहिले. माझ्या मनगटावरची तिची पकड सैल झाली, आणि मला स्वतःची लाज वाटली. मग ती हळू म्हणाली, "मधी तीन-चार हायेत रे. तेबी फुगल्यावानी. बाकी नुसतं काळं. तू एवढा देवळ्यापतूर ही टाकी घेऊन आलास, म्हणून बोलले."

तीन-चार, आणि बाकी काळं. डॉक्टरांच्या कागदावरचा तो गोल माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मग मला कळलं मी काय केलं होतं. मी तिला माझ्या डोळ्याचा आयपीस दिला होता. चादरीएवढं पसरलेलं आकाश माझ्यासाठी थोर होतं, कारण चादरीच्या कडा बघायला माझ्याकडे नजर होती. तिच्याकडे मधोमध वाटीएवढी जागा उरली होती. त्या जागेत जेवढं मावेल तेवढंच तिचं. बाकीचं मी तिच्या काळ्या भागात सांडत होतो. शिवाय तिचा नंबर वाकडा, दुर्बिणीचा फोकस फिरवून न सुधारणारा, आणि त्या डोळ्यावरून मी मीच दिलेला चष्मा काढून घेतला होता. चष्मेवाला म्हणे!

मी बॅग उपडी केली. तळाशी मोजा होता, मोज्यात चाळीसचा आयपीस होता. सरांनी पाइप म्हटलेला, उजेड वाया घालवणारा, माझ्या वयाला न शोभणारा. आकाश तेवढंच, पण वाटीत घालून देणारा. त्याला डोळा दूर ठेवूनही चालतो, म्हणून मध्ये चष्मा मावतो. आणि त्याची ती सातची टिकली पाचच्या बाहुलीला मोठी, म्हणून डोळा जरा हलला तरी चित्र पळत नाही. माझ्या डोळ्यासाठी जे सगळे दोष होते ते तिच्या डोळ्याला एकेक करून हवे होते. उजेड थोडा सांडला तर सांडला. झुपक्याकडे उजेडाला काय तोटा.

तो लावला. चष्मा पुन्हा तिच्या डोळ्यांवर ठेवला, तिला पुढे झुकवलं. या वेळी काही विचारलं नाही.

तिने पुन्हा माझं मनगट धरलं. मग माझ्या मनगटावर तिचं एक बोट हललं. एकदा टेकलं. पुन्हा टेकलं. मला आधी वाटलं थंडीने कापतेय. मग लक्षात आलं, ती मोजत होती. ताटातल्या अक्षता मोजाव्यात तशी, न चुकता, एकेक. मी तिच्याबरोबर मोजायला लागलो. चार. पाच. सहा. सात.

सातावर ती थांबली.

मग बोट पुन्हा टेकलं. आठ. मग नऊ. मग भरभर टेकत गेलं, दहा, अकरा, बारा, आणि तिच्या तोंडून आवाज निघाला, लहान मुलीसारखा, आत ओढून घेतल्यासारखा. सतरावर माझी मोजणी चुकली. ती मोजतच होती.

"आगं माय," ती म्हणाली. "लय हायेत रे. एवढे होते होय तिथं? आणि मी तुला सात सांगत होते." थोड्या वेळाने तिचा आवाज एकदम बदलला, बारीकशी कुरकुर आली त्यात. "ए, कडंचा एक गेला. दिसत नाय आता. सरकव की जरा."

पृथ्वी फिरत होती, म्हणून झुपका कडेला सरकला होता. पस्तीस चष्म्यांत तिने माझ्याकडे केलेली ही पहिली तक्रार. मी नळकांड्याला बोटाने हलकासा धक्का दिला.

"आला," ती म्हणाली. "आता ऱ्हाऊ दे."

ती किती वेळ बघत बसली मला सांगता येणार नाही. दर थोड्या वेळाने "सरकव" म्हणे आणि मी सरकवी. पायाखालची जमीन, मळा, चाळ, आम्ही तिघं, सगळे मिळून पूर्वेकडे चाललो होतो, आणि ते ताईच्या नजरेच्या त्या वाटीत कळत होतं. दाजींनी तिच्या अंगावर गोधडी आणून टाकली. ती वळली नाही.

शेवटी तिने डोळा काढला, उठली, आणि हाताला धरून मला खुर्चीवर बसवलं. सात वर्षांनी मोठी असल्याचा सगळा अधिकार आवाजात आणून म्हणाली, "आता तू बघ. दिसतंय का?"

मी डोळा लावला. सगळं आकाश पाण्यात बुडालं होतं.

"नाही दिसत, ताई," मी म्हटलं, आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागलो.